वाघजाई विरुद्ध तोफखाना, मुक्काम सलवा

कुवेतमध्ये राहूनही माझा नवरा कुवेतमध्ये राहत नाही. राहण्याचा परवाना, म्हणजे इकामा, इथला. गाडीची नंबरप्लेट इथली. सलव्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटचं भाडं इथल्याच दिनारांत जातं. माणूस मात्र कोल्हापुरात, वाघजाई तालमीच्या कट्ट्यावर बसलेला असतो. तुम्ही त्याच्याशी मुलीच्या कॉलेजबद्दल बोलत असता, तो मान डोलावत असतो आणि मध्येच म्हणतो, "पण डावीकडनं पोरगं पळंना झालंय गं आपलं." ते पोरगं म्हणजे वाघजाईचा लेफ्ट विंगर. आमच्या घरात त्याच्या गुडघ्याची जेवढी चर्चा झाली, तेवढी माझ्या दोन्ही गुडघ्यांची मिळून झालेली नाही.

नाव देवेंद्र सरनाईक. एका ट्रेडिंग कंपनीत अकाउंट्स मॅनेजर. मी सुजाता, मूळची नाशिकची, जाब्रियातल्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करते. आमचं लग्न ठरत होतं तेव्हा मध्यस्थांनी छातीवर हात ठेवून सांगितलं होतं की मुलाला सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. ते खरंच होतं. फुटबॉलचं कुणी विचारलं नव्हतं, कारण नाशिकच्या माणसाच्या डोक्यात असला प्रश्न येतच नाही.

बाहेरच्यांना वाटतं कोल्हापूर म्हणजे कुस्ती, मटण आणि चपला. मलाही तसंच वाटायचं. लग्नानंतर कळलं की तिथे पेठेपेठेत तालीम असते, तालमीची फुटबॉल टीम असते, आणि जावई परजातीचा चालेल पण परतालमीचा असला तर घरात दोन दिवस कुणी नीट जेवत नाही. आमची वाघजाई तालीम आणि तिची वैरीण तोफखाना तालीम यांच्यामध्ये एक रस्ता आणि एक पिठाची गिरणी आहे. गिरणीवाला बिचारा दोन्हीकडच्यांना तुमचीच टीम जिंकणार असं सांगून दळण दळतो. देवेंद्रचे वडील, अण्णा, आजही तोफखान्याच्या बाजूने जाणारा जवळचा रस्ता सोडून लांबून बाजारात जातात. का, असं विचारलं तर म्हणतात, "तिकडचं ऊन लागतंय."

तर अशा या माणसाला कुवेतमध्ये जिवाभावाचा मित्र मिळाला तो नेमका तोफखान्याचा.

आम्ही इथे नवे होतो. सलव्याच्या जमियात, म्हणजे इथल्या सहकारी भांडारात, मटणाच्या काउंटरवर देवेंद्र उभा होता आणि पुढचा माणूस कसायाला हिंदीत सांगत होता, "भाईसाब, नळी का पीस जरा ज्यादा डालो की." ते शेवटचं 'की' ऐकून देवेंद्रच्या अंगावर काटा आला म्हणे. त्याने त्या माणसाचा हात धरला. "कोल्हापूर?" "कोल्हापूर!" दोघांनी तिथेच, ऑस्ट्रेलियन मटणाच्या साक्षीने, एकमेकांना मिठी मारली. मग देवेंद्रने विचारलं, "पेठ कुठली?" तो माणूस म्हणाला, "तोफखाना." देवेंद्रने हात सोडला. दोघं दोन पावलं मागे सरकले. पण त्या दिवशी काउंटरवर एकच मांडी शिल्लक होती. ती दोघांनी अर्धी अर्धी घेतली, आणि घरी यायला निघाले तर दोघंही एकाच इमारतीत शिरले. तो माणूस आमच्या खालच्याच मजल्यावर राहायचा.

जयराम इंगवले. आम्ही सगळे त्यांना बापू म्हणतो. शुऐबाच्या पेट्रोकेमिकल प्लँटमध्ये मेंटेनन्सला इंजिनिअर, देवेंद्रपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे, आणि बोलण्याचा प्रचंड कंटाळा. त्यांची बायको लीनावहिनी सांगतात, "ह्यांनी मला लग्नाआधी एक पत्र लिहिलं होतं. त्यात फक्त 'पोचलो' एवढंच होतं." फोनवर तर बापूंचा शब्दसंग्रह 'हां', 'बरं' आणि 'ठेवतो' एवढाच. मात्र फुटबॉल निघाला की हाच माणूस तासभर थांबत नाही. वर्षभर दोघं जिन्यात, पार्किंगमध्ये, लिफ्टमध्ये भेटत आणि एकमेकांच्या टीमचा उद्धार करत. "देवा, तुमचा डिफेन्स म्हणजे माकू," बापू म्हणायचे. माकू म्हणजे इथल्या अरबीत 'नाही, शिल्लक नाही'. जमियात दूध संपलं की तिथला माणूस असंच म्हणतो. देवेंद्र म्हणायचा, "बापू, तुमचा गोलकीपर वाटेत उभा असतोय म्हणून, न्हाईतर बॉल रस्ता चुकला असता." मग दोघं खूश होऊन आपापल्या मजल्यावर जायचे. दुसरं काही ते बोलल्याचं मी ऐकलेलं नाही. आमच्या मुलीच्या, ओवीच्या, जन्माच्या वेळी हॉस्पिटलात रात्रभर बापू देवेंद्रबरोबर बसले होते, तेव्हाही म्हणे दोघं पेनल्टीबद्दलच बोलत होते.

वर्षातून एकदा वाघजाई-तोफखाना मॅच होते आणि ती आमच्याकडे बघितली जाते, कारण टीव्ही आमचा मोठा. सुरुवातीच्या वर्षांत स्टेडियममधून कुणीतरी ती फोनवर नुसती ऐकवायचं. मटणही आमच्याकडे. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सालमियाच्या दुकानातून आणलेल्या ज्वारीच्या पिठाच्या भाकऱ्या. नियम असा की ज्याची टीम हरेल त्याने जेवणानंतर सगळी भांडी घासायची. हा नियम मी केला आणि तो आमच्या घरातला एकमेव चांगला नियम आहे. पहिल्या वर्षी इमारतीचा इजिप्शियन राखणदार आरडाओरडा ऐकून धावत वर आला होता. त्याला वाटलं खून पडला. दार उघडल्यावर दोन माणसं एकमेकांची कॉलर धरून फोनकडे बघताना दिसली, तेव्हा तो कपाळाला हात लावून परत गेला. आता तो त्या दिवशी रश्श्याचा वाडगा घ्यायलाच वर येतो.

आता देवेंद्रच्या नियमांबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळे घडलं.

मॅचच्या दिवशी तो सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यात बसतो. अंगात वाघजाईची पिवळी-काळी जर्सी असते, ती सीझन संपेपर्यंत धुवायची नाही. एप्रिलपर्यंत तिला स्वतःचं व्यक्तिमत्त्व आलेलं असतं. डाव्या मनगटात अण्णांनी पाठवलेला वाघजाईचा काळा दोरा. ओवीने आतल्या खोलीत गणित सोडवत बसायचं, कारण ती चौथीत असताना गणित सोडवत होती आणि वाघजाईने तीन गोल मारले होते. आता ती कॉलेजात डिझाइन शिकते, तिला गणित हा विषयच नाही, तरी त्या दिवशी बाप कुठून तरी जुनं पुस्तक काढून तिच्यापुढे ठेवतो. "बाबा, धिस इज नॉट सायन्स," ती म्हणते. तो म्हणतो, "गप सोडव."

आणि मी? मी स्वयंपाकघरात. दार लोटून.

पहिल्या वर्षी मी चहा घेऊन बाहेर आले आणि भाबडेपणाने विचारलं, "कोण जिंकतंय?" त्याच क्षणी तोफखान्याने गोल मारला. दुसऱ्या वर्षी गॅलरीतले कपडे काढायला हॉलमधून गेले, तर वाघजाईची पेनल्टी बारच्या वरून गेली. झालं. दोन घटनांवरून माझ्या नवऱ्याने निष्कर्ष काढला की बायको पनवती आहे. मी लॅबमध्ये काम करते; दोन नमुन्यांवरून आम्ही तापाचंही निदान करत नाही. मी हे त्याला समजावून सांगितलं, ओरडून सांगितलं, एकदा रागाने नाशिकला जाईन असंही सांगितलं. तो हात जोडून म्हणाला, "तुझं सगळं बरोबर हाय. पण तेवढा दीड तास आत बस." तेव्हापासून, म्हणजे ओवीच्या जन्माच्या आधीपासून, मी मॅच ऐकलेली आहे, पाहिलेली नाही. पांढऱ्या पायाची म्हणून पूर्वी सुनांना छळायचे, ते मी गोष्टींत वाचलं होतं. मला रश्श्याच्या पातेल्याजवळ बसून त्याचा अनुभव मिळाला. ही गोष्ट मी त्याला कधी माफ केलेली नाही आणि हे त्याला माहीत आहे.

बापूंनी अर्थातच त्याचा पुरेपूर फायदा घेतला. तोफखाना मागे पडली की ते हॉलमधून मोठ्याने हाक मारायचे, "वहिनी! जरा पाणी आणा की!" त्याबरोबर देवेंद्र तीरासारखा उठायचा, "बस, बस, मी आणतो," म्हणत स्वयंपाकघरात यायचा, माझ्याकडे न बघता पाणी भरून न्यायचा. एका मॅचमध्ये बापूंनी सात-आठ वेळा पाणी मागितलं. बिचारे रात्रभर जागे होते.

यंदा सीझन सुरू झाला तेव्हापासून देवेंद्र तरंगत होता. वाघजाई पॉइंट टेबलच्या मध्यावर आरामात, आणि तोफखाना तळाला. शेवटच्या नंबरावर राहणारी टीम वरच्या गटातून खालच्या गटात जाते. लीगची शेवटची मॅच होती वाघजाई-तोफखाना, आणि तोफखान्याला वर टिकायला निदान बरोबरी हवी होती. म्हणजे वाघजाईने हरवलं की तोफखाना खाली.

"नुस्तं हरवायचं न्हाई यंदा," देवेंद्र दाढी करताना आरशाला सांगायचा. "ढकलायचं. खाली ढकलायचं." जिन्यात बापू भेटले की विचारायचा, "काय बापू, खालच्या गटात कुठकुठल्या टीमा हायत? ओळखी करून घ्या की आत्तापास्नं." बापू म्हणायचे, "मॅच झाल्यावर बोल. गप ऱ्हा तवर." पण त्यांच्या आवाजात जोर नव्हता. तोफखान्याने आणलेला नायजेरियन फॉरवर्ड, ज्याचं बापूंना फार कौतुक होतं, जो म्हणे कट मारून मिसळ खातो आणि पेठेतल्या म्हाताऱ्यांच्या पाया पडतो, तो मांडी आखडून बाकावर बसला होता.

मार्चमध्ये एका संध्याकाळी बापू वर आले. लीनावहिनी तेव्हा कोल्हापूरला गेल्या होत्या, आम्हाला वाटलं जेवायला आले असतील. ते खुर्चीच्या टोकावर बसले, म्हणाले, "साठ झाली. कंपनी काय रिन्यू करंना. मे अखेरीला इकामा कॅन्सल." पुढे म्हणाले, "लीना घर रंगवून घ्यायलाच गेलीय. सांगितलं नव्हतं तुम्हाला." आणि मग, "बरं. येतो."

देवेंद्र त्यांच्याबरोबर दारापर्यंत गेला. काहीतरी बोलायला हवं म्हणून तो म्हणाला, "तुमचा तो स्टॉपर लई स्लो हाय, बापू." बापू म्हणाले, "हां." त्या दिवशी एवढंच बोलणं झालं.

जेवताना देवेंद्र मला पटवत राहिला की यात काही विशेष नाही. जग किती जवळ आलंय, फोन आहे, व्हिडिओ कॉल आहे. दर वर्षी वाघजाई-तोफखाना मॅच आहेच; मॅचच्या दिवशी फोन लावायचा आणि इकडून तिकडून शिव्या घालायच्या. बापूंना मॅचशिवाय फोनवर बोलता येत नाही, पण मॅच असली की येतं, असा त्याचा हिशेब होता. तो बोलत होता आणि भात कालवत होता, खात नव्हता.

ओवी ताटातून मान वर न करता म्हणाली, "बट बाबा, इफ दे गो डाउन, देअर इज नो मॅच नेक्स्ट इयर, राइट?"

देवेंद्रचा हात थांबला. दोन गटांतल्या टीम लीगमध्ये एकमेकांशी खेळत नाहीत, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. तेच तर तो महिनाभर नाचून सांगत होता. पण त्याचा हा अर्थ त्याच्या डोक्यात त्या क्षणापर्यंत शिरलेला नव्हता. तो उठला, हात धुतले आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. बाहेर धुळीचं वादळ होतं, समोरची मशीदही दिसत नव्हती. दहा मिनिटांनी पिवळा होऊन आत आला.

मी विचारलं, "मग आता?"

"आता काय? वाघजाई म्हंजे वाघजाई," तो म्हणाला. "हरा म्हणू काय? अण्णा जित्ता ठेवतील काय?"

पण त्यानंतरचे दिवस तो माणूस ओळखू येत नव्हता. जिन्यात बापूंना चिडवणं बंद. आरशाशी बोलणं बंद. एकदा गाडी चालवताना मला म्हणाला, "बरोबरी झाली तर आपलं काय नुकसान न्हाई तसं." मी म्हटलं, "नाहीच." त्यावर तोच चिडला, "असं कसं न्हाई? पेठंत तोंड दाखवायचं हाय मला." मग गल्फ रोडच्या सिग्नलला हिरवा दिवा लागला तरी तो उभाच, मागच्याने हॉर्न वाजवून अरबीत आमच्या खानदानाची चौकशी केली. नवऱ्याला असं दोन्हीकडून ओढलं जाताना मी प्रथमच बघत होते. खरं सांगते, मला त्याची कीव आली आणि थोडी मजाही वाटली.

मॅच शुक्रवारी होती. इथे सुट्टी. कोल्हापुरात दुपारचे चार म्हणजे इथे दीड. जुम्याचा नमाज संपून रस्ते मोकळे होत होते, तेव्हा बापू वर आले. अंगात तोफखान्याची लाल जर्सी, पोटावर ताणलेली. हातात नेहमीप्रमाणे दोन लिंबं. ते दर वर्षी लिंबं आणतात, आमच्याकडे असली तरी.

मी भाकऱ्या थापत होते. देवेंद्र तयार होऊन बाहेर आला आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. जर्सी स्वच्छ होती. चक्क साबणाचा वास येत होता.

"धुतलीस?" मी विचारलं.

"वास मारत हुती," तो म्हणाला आणि पुढे गेला. वीस वर्षं ती वास मारतच होती.

मग मी दाराच्या फटीतून बघितलं तर तो सोफ्याच्या उजव्या कोपऱ्यात बसलेला. बापू गोंधळले, ती त्यांची जागा. "हिकडं ऊन येतंय, तुम्ही तिकडं बसा," देवेंद्र म्हणाला. पडदे बंद होते. ओवी बाहेर येऊन म्हणाली, "बाबा, मॅथ्स बुक?" तर म्हणाला, "ऱ्हाऊ दे गं. मैत्रिणींकडं जा." ती माझ्याकडे बघून डोळे मोठे करत निघून गेली. मनगटात काळा दोराही नव्हता. तो मला नंतर साखरेच्या डब्यामागे सापडला. बहुतेक वाघजाई देवीला दिसू नये म्हणून.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तोंडाने वाघजाईला हरा म्हणायची त्याची हिंमत नव्हती. म्हणून तो आपले नियम एकेक करून मोडत होता.

पण वाघजाईला कुणाचा आधार लागला नाही. अर्धा तास झाला नसेल, त्या डावीकडून न पळणाऱ्या पोराने पळून गोल मारला. स्टेडियममध्ये कुणीतरी मोबाइलवरून लाइव्ह दाखवत होता, त्याचा फोन हर्षाने आकाशाकडे गेला आणि बराच वेळ टीव्हीवर कोल्हापूरचं निळं आकाश दिसत राहिलं. माझा नवरा वाघजाईच्या गोलला ओरडला नाही, हे मी या कानांनी ऐकलं.

मी वाट बघत होते, आता बापूंची पाण्याची हाक येईल. एक-शून्य मागे, हीच तर त्यांची वेळ. हाक आली नाही. फटीतून दिसलं ते असं की बापू दोन्ही हात मांडीवर ठेवून, पंगतीत वाढायची वाट बघणाऱ्या मुलासारखे बसले होते. मध्यंतर झालं, पुन्हा खेळ सुरू झाला. बापूंनी ग्लासातलं पाणीसुद्धा प्यायलं नव्हतं. एकदा एवढंच म्हणाले, "जातंय देवा, खाली जातंय."

देवेंद्र म्हणाला, "अजून टाइम हाय की."

"न्हाई रं."

मी गॅस बारीक केला. रस्सा उकळून उकळून आटायला लागला होता. कॉमेंट्रीवाला म्हणत होता, शेवटची काही मिनिटं, तोफखाना तालमीवर पराभवाचं सावट, वगैरे. आणि तेवढ्यात हॉलमधून हाक आली.

"सुजाता! जरा पाणी आण की!"

आवाज बापूंचा नव्हता.

माझ्या हातात पळी होती. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा मला संताप आला. इतकी वर्षं पनवती म्हणून दाराआड बसवलं, आणि आज गरज पडली तेव्हा पनवती आठवली! पळी घेऊन बाहेर जावं आणि विचारावं असं वाटलं, की मी काय नळाची तोटी आहे, हवी तेव्हा सोडायची, नको तेव्हा बंद? मग तो आवाज पुन्हा कानात आला. लहान मुलगा आईचा पदर ओढताना जसा बोलतो, तसा होता तो. अण्णांच्या मुलाने, तालमीच्या कट्ट्यावर वाढलेल्या माणसाने, आपल्या पेठेशी बेइमानी करायला त्याच्याजवळचं सगळ्यात मोठं हत्यार बाहेर बोलावलं होतं. मला माझ्या नवऱ्याबद्दल फार प्रेम वाटलं. संतापही होताच, पण तो नंतर बघू असं मी ठरवलं.

ट्रेमध्ये दोन ग्लास ठेवले, दार पूर्ण उघडलं आणि हॉलमध्ये गेले. बापूंनी माझ्याकडे बघितलं. मग देवेंद्रकडे. देवेंद्र टीव्हीतून नजर काढत नव्हता. मी ट्रे ठेवला आणि सोफ्याच्या मधोमध, दोघांच्या बरोबर मध्ये, पदर सारखा करून बसले.

काही झालं नाही. वाघजाईच्या गोलकीपरने आरामात बॉल उचलला, लांब मारला. पुन्हा तोफखान्याकडून आला, पुन्हा बाहेर. मी, जी दोन नमुन्यांवर विश्वास ठेवत नाही, ती आता टीव्हीकडे डोळे वटारून बसले होते आणि आयुष्यात पहिल्यांदाच मनापासून पनवती व्हायचा प्रयत्न करत होते. म्हटलं, इतकी वर्षं बोल लावलेत ना, आता एकदा तरी खरी ठर बाई.

तोफखान्याला कॉर्नर मिळाला. बॉल आला, पंधरा-वीस जणांची झुंबड, कुणी कुणाचा शर्ट ओढतंय, कुणी जमिनीवर. वाघजाईच्या कॅप्टनने बॉल बाहेर काढायला जोरात लाथ मारली. तो समोर उठायच्या प्रयत्नात असलेल्या तोफखान्याच्या स्टॉपरच्या पाठीच्या खाली, जिथे माणूस बसतो तिथे आदळला आणि गोलमध्ये गेला. तोच तो लई स्लो स्टॉपर. वेगाने उठला असता तर गोल झाला नसता.

बापू ओरडले नाहीत, ते गर्जले. उठले, पुन्हा बसले, लाल जर्सीच्या शिवणी उसवल्या. आणि देवेंद्र! तोही उठला, वाघजाईच्या कॅप्टनला, गोलकीपरला, रेफरीला, सगळ्यांना त्याने अशा अस्सल कोल्हापुरी शिव्या घातल्या की मी कानावर हात ठेवले. पण शिव्या देणाऱ्या माणसाचा चेहरा कसा असावा याची काही रीत असते. हा मुलगी बोर्डात आल्यासारखा दिसत होता. राखणदार वाडगा घेऊन दारात आला, दोघांनी त्यालाही मिठी मारली.

एक-एक. तोफखाना वरच्या गटात राहिली.

जेवणं झाली. बापूंनी चार भाकऱ्या खाल्ल्या. मग प्रश्न आला भांड्यांचा, कारण आमच्या घरात बरोबरी कधी झालीच नव्हती. मी म्हटलं, "दोघंही घासा." तशी दोन कोल्हापूरकर मंडळी सिंकपाशी उभी राहिली, एक साबण लावणार, एक विसळणार, आणि तो गोल हँडबॉल धरायचा की नाही यावर वाद सुरू झाला.

तेवढ्यात ओट्यावर ठेवलेला देवेंद्रचा फोन वाजला. त्याचे हात साबणाचे, म्हणून मी स्पीकरवर टाकला. अण्णा. मागे पेठेतला गलका.

"देवा! शेवटच्या मिन्टाला असला गोल खातोय होय? मला एक सांग. सुजाता बाहेर आलती काय?"

देवेंद्रने माझ्याकडे बघितलं. त्याच्या कोपरावरून फेस गळत होता. मी असा चेहरा त्याच्या इथल्या पहिल्या नोकरीच्या इंटरव्ह्यूनंतरही बघितला नव्हता. बापू हातातल्या पातेल्याच्या बुडाकडे बघत होते.

मी फोनकडे वाकले. "हो अण्णा. मीच आले. लक्षातच राहिलं नाही, पाणी द्यायला म्हणून आले. चुकलंच माझं."

"तरी म्हटलं!" अण्णा म्हणाले. "म्हंजे पोरांचा दोष न्हाई. अगं, एवढी वर्षं सांभाळलंस आणि आजच..." पुढे ते बरंच बोलले. मी 'हो अण्णा', 'पुन्हा नाही होणार अण्णा' म्हणत राहिले. वाघजाईची लाज माझ्या डोक्यावर आली आणि त्यांना हलकं वाटून त्यांनी फोन ठेवला. आता पेठेत पुढची दहा वर्षं माझं नाव निघणार.

बापूंनी नळ सोडला आणि स्वच्छ झालेलं पातेलं पुन्हा विसळायला घेतलं. ते बराच वेळ विसळत होते. देवेंद्रने साबणाच्या हातानेच डोळे पुसले आणि मग साबण गेला, साबण गेला, म्हणून ओरडायला लागला.

निघताना बापू दारात थांबले. चपला घातल्या, एक लिंबू उरलं होतं ते परत माझ्या हातात दिलं.

"फुडल्या वर्षी मी स्टेडियममधनं फोन लावीन," ते म्हणाले. आपणहून फोन लावायची गोष्ट त्यांच्या तोंडून मी प्रथमच ऐकली. "मॅचभर चालू ठेवा फोन. आणि वहिनी, तुम्ही आतच बसा. पाणी मागितलं तरी येऊ नका."

मी म्हटलं, "ते कोण मागतंय त्यावर आहे, बापू."